गुडघे टेकून पाहायचं गवत: कोकणच्या खाडीत सागरी गवत शोधण्याची, ओळखण्याची आणि नोंदवण्याची रीत

मालवणच्या बाजूच्या एका खाडीत मी पहिल्यांदा सागरी गवत शोधायला गेले, तेव्हा तासभर त्याच्यावरूनच चालत होते. छायाचित्रांत पाहिलेलं, पाण्यात डुलणारं, गुडघाभर उंचीचं हिरवं कुरण डोक्यात होतं आणि नजर लांबवर कुठेतरी होती. शेजारी चिखलातले शिंपले, म्हणजे खुबे, काढत बसलेल्या एका काकींनी हटकलं, "गो चेडवा, थंय पाय घालू नको. थंय खुब्यांची पिल्लां आसतत." मी पाय उचलला. पायाच्या ठशाच्या कडेला नखाएवढ्या हिरव्या चांदण्या चिखलात रुतल्या होत्या. तीच ती वनस्पती. काकींना तिचं शास्त्रीय नाव ठाऊक नव्हतं, पण तिथे पाय देऊ नये हे ठाऊक होतं.

कोकणातलं सागरी गवत उभ्याने दिसत नाही. त्यासाठी गुडघे टेकावे लागतात, आणि ते कुठल्या दिवशी, किती वाजता आणि कुठे टेकायचे हे आधी ठरवावं लागतं. या लेखात ती सगळी रीत क्रमाने सांगते आहे. बोटीची, पाणबुड्याच्या पोशाखाची गरज नाही. दोन-तीनशे रुपयांचं सामान, मोबाइल आणि खाडी ओळखणारा एक सोबती पुरतो.

आधी नजर तयार करा

सागरी गवत म्हणजे शेवाळ नव्हे. ती फुलं येणारी, मुळं-खोड-पानं असलेली खरीखुरी वनस्पती आहे. तिचे पूर्वज जमिनीवरचे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी ते पुन्हा खाऱ्या पाण्यात उतरले आणि तिथेच राहिले. या वनस्पती पाण्याखालीच फुलतात, बहुतेकांचे परागकणही पाण्यातूनच वाहत जातात आणि बीसुद्धा तिथेच रुजतं. जगात यांच्या सुमारे ७० प्रजाती आहेत. भारतात साधारण १६ आणि त्यांतल्या बहुतेक तमिळनाडूच्या पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि मन्नारच्या आखातात. लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, कच्छचं आखात आणि ओडिशातलं चिलिका सरोवर इथेही सागरी गवत आहे.

कोकण या यादीत मागे का, हे समजून घेतलं की शोधायची जागा आपोआप कळते. गवताला उजेड लागतो. पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडापैकी सरासरी दहा-अकरा टक्के उजेड तळाशी पोचला तरच बहुतेक सागरी गवतं तग धरतात. शेवाळांचं त्याहून फार कमी उजेडात भागतं. आपल्याकडे जूनपासून चार महिने अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, सह्याद्रीच्या उतारावरची माती आखूड नद्यांतून थेट समुद्रात येते आणि पाणी चहासारखं होतं. त्यात पश्चिमेकडून येणाऱ्या लाटा उघड्या किनाऱ्याची वाळू सारखी हलवत राहतात. पाल्कचा उथळ समुद्र त्या मानाने आडोशाला आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी मुळं घट्ट करणाऱ्या, पट्ट्यासारख्या पानांच्या मोठ्या प्रजाती तिथे पसरतात, इथे नाही.

इथे टिकते ती हॅलोफिला बेकारी. चणीने अगदी लहान, झटपट वाढणारी, भरपूर बी धरणारी आणि खाऱ्यापासून निमखाऱ्यापर्यंत बदलणारं पाणी सोसणारी. लाटांपासून लपून ती खाड्यांच्या आत, कांदळवनासमोरच्या चिखलात राहते, आणि ओहोटीला चिखल उघडा पडला की वरून उजेडही मिळतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेकारी यांच्यावरून तिला हे नाव मिळालं. जागतिक पातळीवर आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत ती 'असुरक्षित' या गटात आहे, म्हणजे नामशेष होण्याचा धोका असलेली. गोव्यात मांडवीच्या मुखाजवळच्या या गवताचा अभ्यास दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पूर्वीच केला आहे आणि महाराष्ट्राच्या खाड्यांतूनही तिची नोंद आहे. घराजवळच्या चिखलात जगाच्या यादीतली एक धोक्यातली वनस्पती उगवते आणि आपण तिला शेवाळ म्हणून पुढे जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

दिवस आणि वेळ

पावसाळ्यानंतर पाणी निवळू लागलं की शोध सुरू करा. नोव्हेंबर ते मे हा सोयीचा काळ. भर पावसात जाण्यात धोका आहे आणि हाती काही लागतही नाही.

दिवस ठरवताना पंचांग उघडा. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास भरती पूर्ण. त्याच्या सव्वासहा तास आधी, सव्वासातच्या सुमारास, पाणी सगळ्यात खाली. अष्टमीला सहाला भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, प्रतिपदेपासून मोजणी नव्याने. हा हिशेब अंदाजाचा आहे. मुंबई आणि मालवण यांच्या वेळांत तासाभराचा फरक पडतो, म्हणून तारीख पंचांगावरून ठरवली तरी नेमकी वेळ जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या.

उधाण अमावास्या-पौर्णिमेला येतं, पण सगळ्यात मोठं उधाण बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी. म्हणून माझे ठरलेले दिवस प्रतिपदा ते तृतीया. या दिवसांत ओहोटी सकाळी सहा ते साडेआठच्या दरम्यान येते, उजेड मवाळ असतो, चिखल तापलेला नसतो आणि पक्षीही असतात. हॅलोफिला बेकारी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच असल्यामुळे तिच्यासाठी भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी उतरणारी ओहोटीसुद्धा कधीकधी पुरते. पण खालच्या अंगाचं काही पाहायचं असेल तर उधाणच हवं.

एक गोष्ट नवखे लोक विसरतात. तक्त्यातली वेळ खाडीच्या तोंडाशी असते. आत जाल तसं पाणी उशिरा उतरतं. दोन-चार किलोमीटर आत हा फरक सहज जाणवतो. तुमच्या जागेचा फरक पहिल्याच फेरीत वहीत टिपा, पुढच्या सगळ्या फेऱ्यांना तो उपयोगी पडेल.

जागा, परवानगी आणि जीव सांभाळणं

नकाशाच्या उपग्रह चित्रात खाडीचं वळण शोधा. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंद असतो आणि गाळ साचतो. त्या गाळासमोर कांदळवन असेल, उतार अगदी हलका असेल आणि थोडी वाळू मिसळलेला, पाय घोट्याच्या वर न जाणारा चिखल असेल, तर ती जागा पाहण्याजोगी. कर्ली, कालावल, आचरा, वाघोटण, जैतापूर, काजळी, शास्त्री, वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका या सगळ्या खाड्यांना अशी वळणं आहेत. जिथे सक्शन पंपाने वाळू उपसली जाते तिथे वेळ घालवू नका. तळ खरवडलेला असतो आणि पाणी कायम गढूळ.

खाडीत उतरण्याआधी तिथे रोज जाणाऱ्यांना विचारा. खुबे, तिसऱ्या, कालवं काढणाऱ्या बायकांना चिखलाचा एकेक वाफा पाठ असतो. 'सागरी गवत कुठे आहे' असं विचारू नका. 'चिखलात बारीक हिरवं कुठे उगवतं, पायाला मऊ कुठे लागतं' असं विचारा. मला तीन जागा अशाच कळल्या.

कांदळवनाची बरीच जमीन राखीव वन आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, त्याचं क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. अशा हद्दीत मोजणी करायची असेल, नमुना घ्यायचा असेल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्या. नुसतं पाहायला जाणार असलात तरी ग्रामपंचायतीत आणि वाडीत सांगून जा.

आता जिवाचं. चिखलात एकट्याने कधीही जायचं नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या दीड तास आधी उतरा, उतरत्या पाण्यामागोमाग खाली जा आणि पाणी वळलं की परत फिरा. मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. खाली मान घालून बसलेल्या माणसाला मागच्या ओहळात पाणी भरलेलं कळत नाही. पाय अडकला तर जोर लावून ओढू नका. मागे टेकून बसा, वजन पसरू द्या आणि पाय हळूहळू हलवत मोकळा करा. कालवांच्या धारदार कडा पाय कापतात, म्हणून घोटा झाकणारे, घट्ट बसणारे जुने कापडी बूट घाला. पाण्यातून चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चला, म्हणजे तळाशी बसलेलं पाकट आधीच सरकतं. शिंगाळ्याचा काटा मेलेल्या माशाचाही लागतो. वाशिष्ठीसारख्या काही खाड्यांत मगरी आहेत. तिथे स्थानिक माणूस नको म्हणाला तर वाद न घालता परत या.

सामान

अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा ५० सेंटिमीटर बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन जोडून घ्या. पाइपांना भोकं पाडा म्हणजे तो पाण्यात तरंगणार नाही. आत दर १० सेंटिमीटरवर सुतळी ताणा. २५ छोटे चौकोन होतील, प्रत्येक म्हणजे एकूण क्षेत्राचा ४ टक्के भाग. दर पाच मीटरला गाठ मारलेली ५० मीटर नायलॉनची दोरी, मोजपट्टी, पेन्सिल (शाई ओली होते), जाड कागदाची वही, पाटीचा छोटा तुकडा आणि खडू, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरी थाळी, गोड्या पाण्याची बाटली. आकाराच्या अंदाजासाठी दहा रुपयांचं नाणं ठेवा, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो.

शोधणं

कांदळवनाच्या कडेपासून पाण्याच्या दिशेने सरळ रेषेत चाला. दर दहा पावलांवर थांबून गुडघे टेका आणि समोरच्या हातभर जागेकडे मिनिटभर पाहा. पहिली काही सेकंदं सगळा चिखल सारखाच दिसतो. मग खेकड्यांच्या बिळांभोवतीच्या गोळ्या, गोगलगायींच्या रेघा आणि शेवटी हिरवे ठिपके वेगळे होतात. पानांवर चिखलाचा थर असेल तर बाटलीतलं पाणी हलकेच सोडा. आसपास उथळ डबकं असेल तर तिथे आधी पाहा, कारण पाण्यात पानं उभी राहतात आणि ओळखायला सोपी जातात.

गुडघे नेहमी मोकळ्या चिखलावर. हिरवं दिसलं की त्याच्या कडेकडेने जा. एका पावलाने तुटलेली मुळं पुन्हा धरायला वेळ लागतो, आणि सगळ्यांनी एकाच वाटेने जाऊन-येऊन केलं तर नुकसान त्या एका वाटेपुरतंच राहतं.

ओळखणं

पहिला प्रश्न: गवत की शेवाळ? उपटायचं नाही. रोपाच्या बाजूचा चिखल बोटाने हळूच बाजूला करा आणि वरून पाणी सोडा. सागरी गवत असेल तर चिखलाखाली दोऱ्यासारखं आडवं खोड दिसेल, त्यावर ठरावीक अंतरावर पेरं, प्रत्येक पेरातून खाली मूळ आणि वर पानांचा झुबका. भिंगातून पानाच्या मधोमध शीर दिसेल. पाहून झालं की चिखल परत सारून बोटाने दाबा. शेवाळाला शीर नसते आणि खरी मुळंही नसतात. उल्वा हे शेवाळ पातळ हिरव्या कागदासारखं किंवा नळीसारखं असतं आणि शिंपल्याला, दगडाला चिकटून वाढतं. फसवतं ते कॉलेर्पा. त्याला आडवी सरपटणारी दोरी असते, वर पिसासारखी किंवा द्राक्षासारखी पालवी असते, आणि खाली मुळांसारखे धागेही. पण पेरं नसतात, पानात शीर नसते, आणि ते बहुतेक खडकाळ किनाऱ्यावर दिसतं.

हॅलोफिला बेकारीची खूण म्हणजे चांदणी. छोट्या उभ्या देठाच्या टोकाला चार ते दहा पानं चक्राकार पसरलेली. पान निमुळतं, टोकदार, साधारण एक सेंटिमीटर लांब आणि एक-दोन मिलिमीटर रुंद. मधली शीर स्पष्ट, आडव्या शिरा नाहीत. दहा रुपयांच्या नाण्याखाली अख्खी चांदणी झाकली जाते.

तिची बहीण हॅलोफिला ओव्हॅलिस वेगळी दिसते. तिची पानं लंबगोल, चमच्यासारखी, प्रत्येक पेरावर जोडीने येतात आणि पानाच्या मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या आडव्या शिरांच्या दहा-वीस जोड्या भिंगाशिवायही दिसतात. तिला चिखलापेक्षा वाळूमिश्रित तळ आणि जरा निवळ पाणी मानवतं. हॅलोड्युलची पानं अरुंद पट्टीसारखी असतात. टोकाला तीन दाते असतील तर हॅलोड्युल युनिनर्व्हिस, टोक गोलसर आणि काळपट असेल तर हॅलोड्युल पिनिफोलिया. यांपैकी काही कोकणात दिसलं तर पानाच्या टोकाचं जवळून छायाचित्र घेतल्याशिवाय उठू नका. बोटभर रुंद, पट्ट्यासारखी पानं, थॅलेसियाची किंवा मीटरभर लांबीची एनहॅलसची, इथे शोधू नका. ती मन्नार, अंदमान अशा ठिकाणची.

खाजणांत, मिठागरांत आणि कोळंबीच्या तळ्यांत केसांसारख्या लांब, बारीक पानांची रुप्पिया मॅरिटिमा उगवू शकते. तिची फुलं लांब दांड्यावर पाण्याच्या पृष्ठभागाकडे येतात. काही अभ्यासक तिला सागरी गवतात धरतात, काही धरत नाहीत. माझं मत असं की तुम्ही नोंद करून ठेवावी आणि वर्गीकरण तज्ज्ञांवर सोडावं.

भरतीरेषेजवळ दिसणारी जाड, मांसल पानांची वेल किंवा भातासारखी रानटी रोपं ही खाजणातली जमिनीवरची मंडळी. ती पाण्यात बुडत-उघडत राहिली तरी सागरी गवत नव्हेत.

गवतात कोण राहतं

इथे घाई करू नका. माझा अर्धा वेळ इथेच जातो.

एक हातभर जागा निवडा, पाच मिनिटं न हलता बसा. तुमची सावली पडल्यावर आत गेलेले जीव मिनिटा-दोन मिनिटांत परत येतात. आधी येतात एक नांगी मोठी असलेले फिडलर खेकडे, मग चिखलावर उड्या मारणारे मासे, निवट्या. उंच मनोऱ्यासारख्या शंखाच्या गोगलगायी पानांवरचा चिकट थर खरवडत असतात. हा थर एकपेशीय डायटम शैवालांचा आणि जिवाणूंचा. खाडीतल्या लहान जिवांचं बरंचसं पोट पानापेक्षा या थरावरच भरतं, आणि गोगलगायींनी तो साफ केला की पानालाही उजेड मिळतो. भिंग पानावर धरा: सुईच्या टोकाएवढे, कोळंबीसारखे दिसणारे ॲम्फिपॉड बाजूवर पडून सरपटताना दिसतील. थाळीत पाणी घेऊन त्यात वाहून आलेलं तुटकं पान हलवा आणि थाळी उन्हात धरा. पाणी जिवंत होतं.

चिखलाच्या खाली आणखी वेगळं जग आहे. बोटभर खाली चिखल काळा आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा असतो. तिथे प्राणवायू नसतो आणि जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू मुळांना विषारी. गवत पानांत तयार झालेला प्राणवायू मुळांपर्यंत पोचवतं आणि थोडा चिखलातही सोडतं, त्यामुळे मुळांभोवती फिकट, तांबूस कडा दिसतात. जगातल्या अनेक गवताळ तळांवर ल्युसिनिड कुळातल्या शिंपल्यांचीही साथ असते. त्यांच्या कल्ल्यांत राहणारे जिवाणू सल्फाइड वापरून टाकतात. शिंपल्याला अन्न मिळतं, गवताला निर्विष चिखल आणि जिवाणूंना घर.

काकींनी सांगितलेली खुब्यांची पिल्लं यातच बसतात. पाण्याचा वेग पानांपाशी मंदावतो, त्याबरोबर वाहत आलेल्या सूक्ष्म अळ्या तळाशी टेकतात आणि आडव्या खोडांच्या जाळ्यामुळे चिखल वाहून जात नाही. भरतीला याच जागेवर बोयीची आणि काळुंदराची पिल्लं, सुंगटं आणि कुर्ल्यांची पोरं येतात. बाजारात टोपलीत दिसणाऱ्या मासळीचं बालपण खाडीच्या अशा उथळ, आडोशाच्या जागांत जातं. ते पाहायचं असेल तर भरती सुरू झाल्यावर काठावर सुरक्षित जागी बसा आणि पाण्याची चकाकी कमी करणाऱ्या पोलराइज्ड चष्म्यातून पाणी न्याहाळा. बगळे आणि तुतवार कुठे चोच मारतात ते टिपा. पक्षी जिथे रेंगाळतात तिथे चिखलात खाणं असतं.

समुद्रघोडा दिसेल का, असं मला नेहमी विचारतात. त्याला शेपटीने धरायला उंच पान किंवा फांदी लागते. सेंटिमीटरभर उंचीच्या चांदण्यांत त्याची अपेक्षा धरू नका. जाळ्यात अडकलेला कुठे दिसला तर लक्षात ठेवा की समुद्रघोडे, त्यांचे नातलग नळीमासे आणि समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. जिवंत असेल तर तिथल्या तिथे पाण्यात सोडायचा. मोठं हिरवं कासव सागरी गवत चरतं. वेळास-आंजर्ल्याला अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले मात्र खेकडे, गोगलगायी, जेलीफिश असं खाणारं, त्याचं पोट गवतावर नाही. रोज ३०-४० किलो गवत खाणारा डुगाँग हा सागरी सस्तन प्राणी कोकणात नाही. त्याच्यासाठी तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र जाहीर केलं.

जीव उचलून हातावर घेऊ नका. शंख तर मुळीच नाही. शंकूच्या आकाराच्या काही शंखांत विषारी काटा असतो आणि रिकामा वाटलेला शंख बहुतेकदा कुणाचं तरी घर असतं.

मोजणं

जगभर रूढ असलेली एक साधी पद्धत ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये सुरू झालेल्या सीग्रास-वॉच या उपक्रमाने लोकांच्या हाती दिली. किनाऱ्याला काटकोनात ५० मीटरच्या तीन रेषा, एकमेकींपासून २५ मीटरवर. प्रत्येक रेषेवर दर पाच मीटरला चौकोन ठेवायचा. शून्यापासून पन्नासपर्यंत ११, तिन्ही मिळून ३३ चौकोन.

प्रत्येक चौकोनासाठी हा क्रम ठेवा. आधी पाटीवर तारीख, रेषा, अंतर लिहून चौकोनाशेजारी ठेवा आणि बरोबर वरून, सावली पडू न देता छायाचित्र घ्या. मग चिखल हाताने चोळून प्रकार लिहा: गुळगुळीत लोण्यासारखा, की कणीदार वाळू मिसळलेला. त्यानंतर २५ घरांपैकी किती घरं गवताने भरल्यासारखी आहेत ते मोजून चाराने गुणा, गवताचं टक्केवारीत आच्छादन मिळेल. अर्धी भरलेली दोन घरं एक धरा. शेवाळाचं आच्छादन वेगळं लिहा, कारण सांडपाणी वाढलं की शेवाळ आधी वाढतं आणि गवताला झाकतं. तीन पानांची लांबी मोजा. फूल, फळ दिसलं तर खूण करा. दिसलेले प्राणी, बिळांची संख्या, प्लास्टिक, नांगराचे चरे हेही लिहा.

आपल्याकडचे गवताचे तुकडे मात्र बहुधा घरातल्या खोलीएवढे, कधी चटईएवढे असतात. तिथे ५० मीटरची रेषा बहुतेक कोऱ्या चिखलावरूनच जाते. अशा तुकड्यासाठी मी वेगळं करते. मोबाइलच्या जीपीएसची चूक पाचेक मीटरची असते, म्हणून त्यावर तुकड्याची कड काढणं निरर्थक आहे. त्याऐवजी कायम राहणारी एक खूण निवडते, मोठा दगड किंवा कांदळाचं ठळक झाड, आणि तिथून तुकड्याच्या चार टोकांची अंतरं दोरीने मोजते. झाडावर रंग मारायचा नाही, खिळा ठोकायचा नाही, छायाचित्र पुरतं. पुढच्या वेळी त्याच खुणेवरून मोजलं की तुकडा वाढला की आटला ते स्पष्ट दिसतं.

पाण्याचा निवळपणा मोजायला पांढऱ्या रंगाची, २० सेंटिमीटर व्यासाची वजनदार चकती दोरीला बांधून होडीवरून किंवा जेटीवरून सोडा. दिसेनाशी होते ती खोली लिहा. दर वेळी भरतीच्या साधारण त्याच टप्प्यावर, सकाळच्याच वेळी करा, नाहीतर आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

एका जागेवर वर्षातून तीन फेऱ्या पुरतात: पावसाळा संपल्यावर, भर थंडीत आणि मे महिन्यात. त्याहून जास्त गेलात तर तुमच्याच पायांनी नुकसान होईल.

नोंद कुठे द्यायची

छायाचित्रं आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर किंवा सीग्रास स्पॉटर या ॲपवर टाका. जागा 'अस्पष्ट' ठेवण्याची सोय असेल तिथे ती वापरा. मी स्वतः खाडीचं नाव कुठेच लिहीत नाही. मागे एका जागेची चित्रं समाजमाध्यमावर फिरली आणि दुसऱ्या आठवड्यात तिथे मोटारसायकलच्या चाकांचे चर होते.

त्याहून महत्त्वाचं काम गावातच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवली जाते. तुमच्या नोंदीची छापील प्रत, छायाचित्रं आणि स्थानिक भाषेतलं नाव घेऊन समितीकडे जा, नोंदवहीत उतरवून घ्या आणि पोच मागा. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत सागरी गवताचे पट्टे सीआरझेड-१अ या सर्वाधिक संवेदनशील गटात आहेत. पण नकाशावर नसलेल्या गवताला हे संरक्षण मिळवून देणं कठीण असतं. उद्या जेटी, भराव किंवा वाळूचा लिलाव आला, जनसुनावणी लागली, तर तारखेसह असलेली ही नोंद आणि तिची पोच हाच तुमचा कागद. तीच प्रत कांदळवन कक्षाला आणि महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणालाही पाठवा.

स्थानिक नाव आवर्जून लिहा. एकाच खाडीच्या दोन काठांवर वेगळी नावं मिळू शकतात, आणि जिथे नावच नाही तिथे 'नाव नाही, खुब्यांची जागा म्हणतात' असंही लिहा.

रिकामे चौकोन

शून्यही लिहायचं. हे मला सगळ्यात शेवटी उमगलं. एका पावसाळ्यानंतर मी ओळखीच्या जागेवर गेले तेव्हा वरून आलेल्या लाल गाळाचा वीतभर थर होता. ३३ चौकोन ठेवले, ३३ वेळा शून्य लिहिलं. सोबतची मुलगी म्हणाली, "मग लिहायचं कशाला?" तरी लिहिलं, छायाचित्रं घेतली, खुणेपासूनची अंतरं तपासली. जानेवारीतल्या द्वितीयेला त्याच दोरीवर परत गेलो. दुसऱ्या रेषेवर पंचवीस मीटरला तिने चौकोन ठेवला, गुडघे टेकले, बाटलीतलं पाणी सोडलं आणि मला हाक मारली. दोन घरांत मिळून सात चांदण्या होत्या. तिने वहीत ८ टक्के लिहिलं. मी ते खोडून १ केलं, कारण घरं भरलेली नव्हती.

पुढची फेरी मे महिन्यात आहे.